बाप्तिस्म्यानंतरची विचारपूस

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभू येशू आपल्या अकरा शिष्यांवर जे काम सोपवतो, त्यात बाप्तिस्मा हा मधला टप्पा आहे. आधी लोकांना शिष्य करायचं, मग बाप्तिस्मा द्यायचा आणि त्यानंतर त्याने जे जे सांगितलं ते पाळायला शिकवायचं. बाप्तिस्म्याचा विधी थोडक्या वेळात आटोपतो. पाळायला शिकवणं मात्र आयुष्यभर चालतं आणि मंडळीची खरी कसोटी तिथेच लागते. पाण्यातून बाहेर आलेला माणूस पुढच्या रविवारी कुणाशेजारी बसणार, घरात भांडण झालं की कुणाकडे जाणार, महिन्याचा पगार हातात आल्यावर दारूच्या दुकानासमोरून एकटाच जाणार की सोबत कुणी असणार, यातलं काहीच बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

या प्रश्नांना मंडळीने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरं दिली. त्यांतली काही फार चांगली होती. ती पाहत गेलं की एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. नुसत्या उपदेशाने श्रोते तयार होतात. शिष्य तिथे घडले, जिथे कुणीतरी ठरलेल्या दिवशी नावानिशी विचारपूस केली आणि फार वाट न पाहता ऐकणाऱ्याच्याच हाती काम दिलं.

पहिल्या तीन शतकांतल्या मंडळीला हे नीट माहीत होतं. छळाचे दिवस होते आणि विश्वासात कच्चा राहिलेला माणूस सगळ्यांनाच संकटात टाकू शकत होता. रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या जुन्या ग्रंथात बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकण्याची अट सांगितली आहे, पण लगेच असंही म्हटलं आहे की माणूस मनापासून झटत असेल तर वर्षं मोजू नयेत, वागणूक पाहावी. शेवटी परीक्षा व्हायची तीही पाठांतराची नसे. याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, सत्कृत्यं केली का, असं विचारलं जाई. उत्तर त्याने स्वतः द्यायचं नसे. ज्याने त्याला मंडळीत आणलं, त्याने त्याच्याबद्दल साक्ष द्यायची. चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाला, लोकांची रीघ लागली आणि ही लांबलचक तयारी हळूहळू उपवासकाळाच्या चाळीस दिवसांवर आली. पुढे बाळांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाल्यावर तीही मागे पडली. जन्माने ख्रिस्ती असलेल्या माणसाला शिष्य कसं करायचं, हा प्रश्न तेव्हापासून मंडळीपुढे आहे.

या प्रश्नाशी मनापासून झुंजलेला माणूस म्हणून जॉन वेस्ली यांच्याकडे पाहावं लागतं. ते चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते. 1728 मध्ये त्यांची पुरोहित म्हणून दीक्षा झाली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 24 मे 1738 रोजी, लंडनमधल्या एका छोट्या सभेत त्यांना तारणाची मनोमन खात्री पटली. उपवास, प्रार्थना, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी हे सगळं ते त्याआधीही शिस्तीने करत होते. पुढच्या वर्षी ते ब्रिस्टलमध्ये आणि शेजारच्या किंग्जवुडच्या खाणकामगारांमध्ये उघड्या माळावर उपदेश करू लागले. हजारोंनी लोक जमले, रडले, बदललेही. पण सभा उठली की ते पुन्हा त्याच वस्तीत, त्याच गुत्त्यात आणि त्याच कर्जात परतत. मागे उरलेल्या भावनेचं काय करायचं?

उपाय सापडला तो एका इमारतीच्या कर्जामुळे. ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ नावाचं सभागृह बांधलं होतं आणि त्याचे पैसे फिटत नव्हते. 15 फेब्रुवारी 1742 रोजी त्यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, पुष्कळांना तेवढंही झेपणार नाही. त्यावर फॉय म्हणाला की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, देतील ते घेईन आणि कमी पडेल ते पदरचं घालीन. इतरांनीही तसंच करायचं ठरवलं आणि बारा-बारा जणांचे गट पडले.

पैसे गोळा करायला घरोघर गेलेल्या या माणसांना घरातलं घर दिसलं. कुणी पुन्हा प्यायला लागला होता, कुठे नवराबायकोत अबोला होता, कुणी आजारी असून मंडळीला पत्ताच नव्हता. त्यांनी ते वेस्लींच्या कानावर घातलं आणि वेस्लींच्या लक्षात आलं की आपण जे शोधत होतो ते हेच. घरोघर जाणं अवघड पडू लागलं, कारण कित्येक जण दुसऱ्यांच्या घरी नोकर होते आणि मालकांना अशा भेटी खपत नव्हत्या. म्हणून गटाने आठवड्यातून एकदा एका ठिकाणी बसायचं ठरलं. हीच क्लास मीटिंग. पेनीचा हिशेब चालू राहिला, पण मुख्य काम झालं ते आठवड्याचा हिशेब देण्याचं. गटप्रमुखाजवळ नावांची वही असे. तो प्रत्येकाला विचारी, हा आठवडा कसा गेला, कुठे पाय घसरला, कुठे देवाचा हात जाणवला. यात बायबलचा तास नव्हता आणि प्रवचनही नव्हतं. प्रमुख मंडळी मोची, विणकर, खाणकामगार अशी साधी माणसं होती आणि त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये एखाद्या मोलकरणीच्या आत्मिक प्रगतीची चौकशी दर आठवड्याला कुणीतरी गांभीर्याने करत होतं, ही बाब मला त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या प्रवचनाइतकीच मोलाची वाटते.

आत येण्याची अट एकच होती: पापातून सुटण्याची इच्छा. आत राहण्याच्या अटी मात्र कडक होत्या. 1743 मध्ये वेस्लींनी ‘सर्वसाधारण नियम’ छापले. वाईट टाळावं, होईल तितकं भलं करावं आणि उपासना, प्रभुभोजन, प्रार्थना, शास्त्रवाचन व उपवास ही कृपेची साधनं सोडू नयेत, असे त्यांचे तीन भाग होते. दर तीन महिन्यांनी सभासदाला नवं तिकीट मिळे. ज्याचं वागणं सैल, त्याचं तिकीट थांबे. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या मंडळीची तपासणी करून वेस्लींनी 64 जणांची नावं काढली आणि कारणांसह रोजनिशीत यादी लिहून ठेवली. दारूपायी 17 जण, बायकोला मारलं म्हणून एक, सवयीने खोटं बोलतात म्हणून तिघे, भांडखोरपणासाठी तिघे. सर्वांत मोठा आकडा मात्र 29 आहे आणि तो उथळपणाचा व बेपर्वाईचा आहे. मोठं पाप करून बाहेर पडणारे थोडे आणि हळूहळू ढिले पडून वाहून जाणारे जास्त, हे कुठल्याही पाळकाला पटेल. नावं काढण्याची ही रीत आज आपल्याला कठोर वाटते आणि ती जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणणार नाही. पण 64 माणसांपैकी प्रत्येकाचं आयुष्य कुठे अडलं आहे हे त्या मंडळीला ठाऊक होतं. आज तीन-तीन महिने न दिसलेल्या कुटुंबाबद्दल आपल्यापैकी किती मंडळ्यांना तेवढं सांगता येईल?

1791 मध्ये वेस्ली वारले तेव्हा त्यांच्या मेथडिस्ट संघटनेत 70 हजारांवर सभासद होते. एकोणिसाव्या शतकात क्लास मीटिंग ओसरत गेली. प्रश्न तेच राहिले, उत्तरंही ठरून गेली, त्याच साक्षी दर आठवड्याला त्याच शब्दांत येऊ लागल्या आणि तरुण कंटाळून बाजूला झाले. खरं उत्तर ऐकून घेण्याची तयारी संपली की विचारपुशीची हजेरी होते.

या पद्धतीचं एक टोक थेट मुंबईपर्यंत येऊन पोचलं. अमेरिकन मेथडिस्ट सुवार्तिक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांच्या सभांतून जे लोक विश्वासात आले, त्यांना त्यांनी चर्चच्या इमारतीची वाट पाहायला लावली नाही. घराघरांतून सहभागितेचे छोटे गट बांधले, प्रत्येक गटाला एक प्रमुख दिला आणि या गटांमधून मुंबईतली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. परदेशी पैसा न घेता मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः चालवावा, हा टेलर यांचा आग्रह होता. त्यांच्याबरोबर जॉर्ज बोवेन होते. 1848 मध्ये मुंबईत आल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार सोडला होता आणि बाजारवस्तीतल्या एका साध्या खोलीत राहून 1888 मध्ये मरेपर्यंत ते याच शहरात सेवा करत राहिले.

पगार हा शब्द इथे आला ते बरं झालं, कारण मराठी मंडळीच्या आत्मिक वाढीत तो मोठा अडसर ठरला. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि 1831 मध्ये नगरला पोचलं. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाला घर, जात, गाव, विहीर सगळ्याला मुकावं लागे. मिशनने त्याला आसरा दिला, मुलांना शाळा दिली, हाताला काम दिलं. दुसरा काही मार्ग नव्हता आणि त्या आसऱ्याने कित्येक जीव वाचले. पण त्यातून एक गुंता झाला. शिकवणारा, नोकरी देणारा आणि मंडळीतला वडीलधारा हे तिघे एकच झाले. ज्याच्या सहीवर आपलं पोट आहे त्याने ‘तुमचा विश्वास कसा आहे?’ असं विचारलं तर माणूस ‘बरा आहे’ असंच सांगणार. ही विचारपूस खरी होऊच शकत नव्हती.

नारायण वामन टिळकांना हे आतून कळलं होतं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षं ते नगरला मिशनच्याच कामात होते. धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत त्यांनी शिकवलं, ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी भागाचं संपादन केलं. त्यांनी मंडळीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे भजनं. तोपर्यंत उपासनेत इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं पुष्कळ होती आणि ती म्हणायला पुस्तक लागे, पेटी वाजवणारा लागे. टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर बसत. दळताना, शेतात, बैलगाडीत ते तोंडी राहत. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्याकडेही प्रार्थनेसाठी शब्द आले आणि ते तिच्या आईच्या ओव्यांच्या वळणाचे होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. तोच पूल त्यांनी मंडळीसाठी खुला ठेवला.

हे काम त्यांच्या तीनशे वर्षं आधी गोव्यात एकाने केलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. सासष्टीत पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती आणि दडपणाखाली गावंच्या गावं बाप्तिस्मा घेत होती. या लोकांची पुराणं गेली होती आणि त्या जागी काही आलं नव्हतं. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक ब्राह्मण नवख्रिस्ती त्यांना हेच बोलून दाखवतो आणि मन रमेल, मुलाबाळांना वाचून दाखवता येईल असा ग्रंथ मागतो. उत्तरादाखल त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते 1616 मध्ये राशोलला छापून झालं. देवळात आणि घरी ते मोठ्याने वाचलं जाई. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज राजवटीने लोकभाषांवर बंदीचा हुकूम काढला. माणसाच्या तोंडची भाषा काढून घेणं म्हणजे त्याच्या प्रार्थनेवरच घाला घालणं. त्या हुकमाने मंडळीचं जे नुकसान झालं त्याचा पुरेसा विचार अजून झालेला नाही.

टिळकांच्या घरातलंच एक उदाहरण शिष्यत्वाबद्दल सर्वांत जास्त शिकवतं. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग मुलासह नगरला आल्या. पण स्वतःचं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी लिहिलं आहे की जात देवाने केली की माणसाने, यावर त्यांचं मन कसं चाललं, पाणी कुणाच्या हातचं प्यावं या साध्या गोष्टीपाशी ते कसं अडलं आणि शेवटी आपल्या विचाराने त्यांनी ती गाठ कशी सोडवली. 1900 मध्ये त्यांचा नगरला बाप्तिस्मा झाला. पाच वर्षं लागली. घाई केली असती तर एक नाव वाढलं असतं, पण ‘ख्रिस्तायन’ पुरं करणारी लक्ष्मीबाई मिळाली नसती. टिळकांनी ते काव्य अर्धवट सोडलं होतं आणि त्याचा बहुतेक भाग त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी लिहिला.

1917 मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे सगळे त्यात येऊ शकत होते. गुरु-शिष्याचं नातं आपल्या मातीत रुजलेलं आहे, मंडळी त्या नात्यावर उभी राहावी, संस्थेच्या पगारपत्रकावर नव्हे, असं त्यांना वाटत होतं. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते वारले आणि दरबार वाढू शकला नाही. बाप्तिस्म्याची रेषा इतकी पुसट केली तर मंडळी टिकेल कशी, हा आक्षेप तेव्हाही होता आणि मला तो रास्त वाटतो. पण विचारणाऱ्याच्या हातात भाकरीची किल्ली नसावी, हे टिळकांनी स्वतःची भाकरी सोडून दाखवलं.

केडगावला पंडिता रमाबाईंनी दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळायचा आहे. पंडिता, विद्वान, जगभर नाव झालेली बाई हे लिहिते, त्यामुळे मंडळीत वर्षानुवर्षं बसूनही कोरडं राहिलेल्या माणसाला तोंड उघडायला धीर येतो.

1896 पासूनच्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो मुली आणि विधवा केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने जमायला सांगितलं तेव्हा सुमारे 70 जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या आसपास गेला आणि त्या दिवसातून दोनदा जमत. त्या महिन्याच्या अखेरीस तिथे जे संजीवन झालं त्याचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. अश्रू, पापांची कबुली, तासन्‌तास चाललेली प्रार्थना. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. रमाबाईंनी मुलींचे गट करून त्यांना आसपासच्या गावांत पाठवलं. कालपर्यंत उपासमारीने अर्धमेल्या असलेल्या, कुणाला नको असलेल्या मुली आज दुसऱ्यांना धीर द्यायला निघाल्या.

आणि मग छापखाना. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं असं मराठी भाषांतर करत होत्या, जे खेड्यातल्या बाईला कळेल. त्याचे खिळे जुळवण्याचं, छपाईचं काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केलं. शास्त्राची एक ओळ जुळवायची म्हणजे अक्षर अक्षर हाताने उचलायचं, उलटं वाचायचं, काना-मात्रा तपासायची, चूक निघाली की पुन्हा जुळवायची. शास्त्राचा इतका जवळून अभ्यास धर्मशिक्षण देणाऱ्या फार थोड्या शाळांत होत असेल. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं, कारण काम शिकलेल्या बाया मागे होत्या.

आजच्या मराठी मंडळीत या सगळ्याचे धागे शिल्लक आहेत. नगर, जालना, पुणे, मुंबईच्या चाळी, कुठेही जा, आठवड्याच्या मध्यावर कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजी, ढोलकी आणि खंजिरी, एक शास्त्रपाठ, मग साक्षी आणि शेवटी चहा. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत वाड्यावाड्यांवर लघुसमूह जमतात आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ने तिथल्या वाचकाला सोप्या मराठीत टिपांसह शास्त्र दिलं आहे. कामासाठी परगावी गेलेली मुलं फोनवर एकत्र येऊन प्रार्थना करतात. साचा तयार आहे. उणीव आहे ती प्रश्नांची. अशा सभेत पुष्कळदा पाळकच बोलतात, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात आणि प्रार्थनेचे विषय परीक्षा, नोकरी, आजारपण यांपलीकडे जात नाहीत. ते विषय खरे आहेत, ते मांडलेच पाहिजेत. पण सहा जण बसलेल्या खोलीत एखाद्याने ‘या महिन्यात मी भावाशी बोललो नाही’ असं सांगावं आणि बाकीच्यांनी ते बाहेर न नेता त्याच्याबरोबर भावाच्या दारापर्यंत जावं, इतका भरवसा जिथे तयार होतो तिथे माणसं बदलताना दिसतात. त्यासाठी गट लहान हवा, ऐकलेलं पोटात ठेवणारा प्रमुख हवा, आणि तो पाळकच असला पाहिजे असं नाही.

सर्वांत जास्त गळती होते ती दृढीकरणानंतर. पंधरा-सोळा वर्षांची मुलं काही महिने वर्गाला येतात, दहा आज्ञा आणि मतांगीकार पाठ करतात, नवे कपडे घालून पहिलं प्रभुभोजन घेतात आणि पुढच्या वर्षी कॉलेजमध्ये गेली की दिसेनाशी होतात. आपण त्यांना पुष्कळ काही शिकवलेलं असतं, मागितलेलं काहीच नसतं. त्याच महिन्यात प्रत्येकाकडे एक काम द्यावं: शब्बाथ शाळेतला लहान मुलांचा वर्ग, रविवारचा शास्त्रपाठ, पेटी किंवा ढोलकी, सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांची भेट, एकट्या राहणाऱ्या आजीचा बाजारहाट. आणि प्रत्येकामागे मंडळीतला एक वडीलधारा असावा, जो त्या मुलाचा नातेवाईक नाही, शिक्षक नाही आणि ज्याला त्याच्याकडून काही नको आहे. त्याने आठवड्यातून एकदा फोन करून विचारावं, काम कसं चाललंय आणि तू कसा आहेस. ठरलेल्या वारी. परीक्षेच्या दिवसांतही.